भीमगडच्या रानात आमरींच्या नोंदी घेण्यापूर्वी

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील भीमगड २०११ साली वन्यजीव अभयारण्य झाले. त्यामुळे येथे आमरींचा (ऑर्किडचा) अभ्यास करू इच्छिणाऱ्यास वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ नुसार लेखी परवानगी लागते, आणि कलम २९ मुळे फांदीसकट खाली पडलेली आमरीही परस्पर उचलता येत नाही. अर्ज नीट कन्नडमध्ये लिहिता आला तर हेलपाटे वाचतात, हे मराठी माध्यमात शिकलेल्या आपल्यासारख्यांनी वेळीच मनावर घ्यावे. रानालगतच्या वाड्यांवर मात्र मराठीच कामी येते.

झाडांवर वाढणारी सीतेची वेणी ही आमरी बहुधा हाताच्या टप्प्याबाहेर असते. खरा धोका आहे तो पावसाळ्यात गवतातून वर येणाऱ्या भूआमरींना, म्हणजे हबेनारिया या प्रजातीतल्या जातींना. त्यांची पाने पावसापुरतीच असतात आणि तेवढ्या अवधीत जमिनीखालच्या कंदात पुढच्या वर्षाची शिदोरी साठवली जाते. पाय पडून दांडा मोडला तर कंद उपाशी राहतो. बियांचे म्हणावे तर त्या धुळीसारख्या बारीक असतात, त्यांच्यात अन्नसाठा नसतो आणि मातीतील विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्याखेरीज त्या रुजत नाहीत. म्हणूनच रोप उपटून परसात लावण्याचा प्रयत्न सहसा फसतो.

माझ्या पाहण्यात सर्वाधिक नुकसान हौशी छायाचित्रकार करतात. पार्श्वभूमी स्वच्छ दिसावी म्हणून ते भोवतालचे गवत उपटतात. परंतु तेच गवत ओल धरून ठेवते आणि फुलोरा गुरांच्या नजरेआड राखते. आमच्या गटात एकच जण रोपाजवळ जातो, तोही उघड्या खडकावर पाय देत, आणि गवत हाताने बाजूला धरून दोन चित्रे घेतो: एक समोरून आणि एक बाजूने. फुलामागची शेपटीसारखी नळी बाजूनेच मोजता येते आणि पुष्कळदा तिच्या लांबीवरूनच जात ठरते, तेव्हा नमुना खुडण्याची गरज उरत नाही.

ठिकाण उघड होऊन रोपे चोरीला जाऊ नयेत म्हणून मोबाईलमधील स्थान-नोंद रानात शिरण्याआधीच बंद करावी. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना ठिकाण धूसर ठेवण्याचा पर्याय निवडावा आणि प्रबंधातही तालुक्यापलीकडचा तपशील देऊ नये. अर्थात व्हॉट्सॲपवर ‘अमक्या देवराईच्या मागे’ एवढे कोणी लिहिले, तरी ही सारी काळजी व्यर्थ जाते. नेमके अक्षांश-रेखांश फक्त मार्गदर्शकाकडे आणि वनखात्याला द्यावयाच्या अहवालात असावेत.