पॉलीमायाल्जियात गोळी कमी करताना दुखणं परत आलं तर काय करायचं

डिसेंबरात नाशिकला थंडी पडली, निफाडचा पारा पेपरात यायला लागला की सकाळी सगळ्यांचंच अंग आखडतं, त्यामुळे पहिले चार दिवस मी सगळं थंडीवरच ढकललं. पाचव्या दिवशी ब्लाउजच्या बाहीत हात जाईना, वेणी घालायला हात वर होईना, पलंगावरून उठताना मांड्यांतून अशी कळ आली की तशीच बसून राहिले आणि रडले. दहा महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊन, तोंड सुजवून घेऊन, शुगर सांभाळून परत तिथेच आलो असं वाटलं. तुमच्यापैकी कोणी आत्ता तिथे असेल तर त्यांच्यासाठी लिहितेय.

पॉलीमायाल्जिया ऱ्हुमॅटिका हा खांदे, खुबे आखडवणारा पन्नाशीनंतरचा सुजेचा आजार, बायकांना जास्त होतो, आणि स्टिरॉइड कमी करताना दुखणं परत येणं यात खूप कॉमन आहे. म्हणजे औषध फुकट गेलं असं नाही आणि तुमचं पथ्य चुकलं असंही नाही. गोळी आजाराची सूज दाबून ठेवते, आजार आपल्या वेळेने विझतो, त्याला दीडदोन वर्षं लागतात आणि कुणाकुणाला त्याहून जास्त. आपण त्याच्या पुढे पळायला गेलो की तो परत डोकं वर काढतो. माझं तेच झालं, भाचीचं लग्न होतं, सुजलेलं तोंड फोटोत नको म्हणून मी १० मिलिग्रॅमवरून ७.५ आणि पंधरा दिवसांत ५ वर आले, डॉक्टरांना न विचारता.

पहिलं काम, हे दुखणं तेच आहे का ते बघा. याची खूण अशी की दोन्ही खांदे, मान, दोन्ही खुबे आणि मांड्या, दुखणं सकाळी सगळ्यात जास्त, उठल्यावर पाऊण तास किंवा त्याहून जास्त आखडलेलं, आणि दुपारपर्यंत बरंच मोकळं. एकच खांदा दुखत असेल तर तो फ्रोझन शोल्डर असू शकतो. दिवसभर काम करून संध्याकाळी दुखत असेल तर बहुतेक ते कामाचं. दुखत फारसं नाही पण जिना चढताना पायात जोरच नाही, हे स्टिरॉइडमुळे स्नायू कमजोर झाल्यानेही होतं, आणि त्याला गोळी वाढवणं हा उपाय नाही, म्हणून हा फरक डॉक्टरांना नीट सांगा. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल तर तीही सांगा, तिनेही काहींचे स्नायू दुखतात.

अजून एक गोष्ट मला खूप उशिरा कळली. आपलं शरीर स्वतः रोज जेवढं स्टिरॉइड बनवतं ते साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या (हीच आपली स्टिरॉइडची गोळी) आसपास असतं, आणि बरेच महिने बाहेरून गोळी घेतली की ते बनवणाऱ्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी सुस्तावतात. म्हणून सात ते पाच मिलिग्रॅमच्या खाली येताना प्रचंड थकवा, मळमळ, उभं राहिल्यावर चक्कर, अंगदुखी असं होऊ शकतं आणि ते आजार परतल्यासारखंच वाटतं. म्हणूनच गोळी एकदम बंद करायची नाही, कितीही कंटाळा आला तरी नाही. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, त्यावेळी इंजेक्शन लागू शकतं. आणि आपण स्टिरॉइडवर आहोत अशी चिठ्ठी पर्समध्ये ठेवा, मी आधार कार्डाच्या मागे ठेवलीय.

आता एक गोष्ट जिच्यासाठी अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. नवीनच सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः कानशिलाजवळ, केस विंचरताना डोक्याची कातडी दुखणं, भाकरी चावताना जबडा भरून येणं, एका डोळ्याने अंधुक किंवा दोन दोन दिसणं, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. या आजारासोबत डोक्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येऊ शकते, जायंट सेल आर्टरायटिस म्हणतात, आणि त्यात दृष्टी कायमची जाऊ शकते. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, मी सुनेला फ्रिजवर लिहून चिकटवायला लावलं.

असं काही नसेल तर शांतपणे वही घ्या. सकाळी किती वाजता उठले, आखडलेपण किती वाजता सुटलं, हात कुठपर्यंत गेला (मी वेणी आणि वरच्या फळीवरचा डबा अशी दोन मापं ठेवलीत), गोळी किती घेतली, सर्दीताप काही होतं का. तीनचार दिवसांची ही वही डॉक्टरांना "खूप दुखतंय" या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त सांगते. ईएसआर आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) सांगितलं तर डोस वाढवायच्या आधी रक्त द्या, कारण गोळी वाढली की आकडे खाली येतात. पण नुसत्या आकड्याला घाबरू नका, लघवीचं इन्फेक्शन किंवा दाताचा फोड असला तरी ते वाढतात, आणि कधीकधी आकडे नॉर्मल असतात आणि माणूस आखडलेला असतो.

युरोप आणि अमेरिकेच्या तज्ज्ञांनी मिळून २०१५ मध्ये सांगितलेली पद्धत अशी की दुखणं परतलं तर ज्या डोसवर आपण बरे होतो तिथे परत जायचं, मग ४ ते ८ आठवड्यांत हळूहळू जिथे त्रास झाला त्या डोसवर यायचं, आणि १० च्या खाली साधारण दर ४ आठवड्यांनी १ मिलिग्रॅम एवढंच कमी करायचं. तुमचा आकडा तुमचे डॉक्टर ठरवतील, स्वतः वाढवू नका. छोट्या ताकदीच्या गोळ्या मेडिकलमध्ये मिळत नसतील तर एक दिवसाआड वेगळा डोस असा प्लॅन डॉक्टर लिहून देतात, तो कॅलेंडरवर पेनने लिहा. वारंवार परतत असेल तर मेथोट्रेक्सेट नावाची दुसरी गोळी जोडतात, पण ती गोळी आठवड्यातून एकदाच असते, चुकून रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं, त्यामुळे वार ठरवा आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

या दिवसांत शेजारपाजारचे आमवात म्हणून काढे, पुड्या सुचवतात. प्रेमाने सांगतात, मला कुणाचा राग नाही, पण बिनलेबलच्या वाताच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, आणि आपण आधीच ते घेतोय. पेनकिलरही मनाने नको, स्टिरॉइडसोबत पोटात अल्सर होऊ शकतो.

रोजचं म्हणाल तर सकाळचा पहिला तास स्वतःचा ठेवा. गोळी नाश्त्यानंतर सकाळीच, उशिरा घेतली की रात्रीची झोप जाते. उठताना सरळ उठू नका, कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताने रेटा. कोमट पाण्याने अंघोळ, मग खांदे हळू फिरवणं. अगदी झोपून राहिलं की जास्त आखडतं. मी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर ऊन आल्यावर जाते, त्रासाच्या दिवसांत अर्धीच फेरी मारून बाकावर बसते, पांडवलेणीच्या पायऱ्या सध्या बंद. हाडांसाठी कॅल्शियम, व्हिटॅमिन डी डॉक्टरांनी दिलंय ते चुकवत नाही, शिवाय पेठकडची नागली येते तिची भाकरी आणि तीळ. हाडांची डेक्सा तपासणी, शुगर, बीपी आणि डोळे हे विचारून करून घ्या.

मनाचं सगळ्यात अवघड असतं. बाहेरून आपण धडधाकट दिसतो, मग घरच्यांना वाटतं आळस करतेय. मी लेकीला सरळ सांगितलं, दहा वाजेपर्यंत मला काही उचलायला लावू नकोस, दहानंतर पोळ्या मी करते. तिला एवढं स्पष्ट सांगितलेलं बरं वाटलं, ती म्हणाली "आई, आधी सांगायचंस ना".

आता मी परत ७ वर आहे. ६ वर यायची तारीख संक्रांतीची हळदीकुंकवं आटोपल्यानंतरची मागून घेतलीय, कारण हळदीकुंकवाच्या धावपळीत दुखलं तर ते कामाने की कपातीने हे कळणार नाही, आणि त्या आठवड्यात कुठलंच लग्न, प्रवास किंवा पाहुणे ठेवलेले नाहीत.