खालचा बाण झिजवू नका

कोथरूडला माझ्याकडे आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट या आंतरराष्ट्रीय बोर्डाची पाच-सहा मुलं गणिताला येतात. मी स्वतः बारावीला लॉगटेबल घेऊन बसलेली. आपल्या बोर्डाच्या बारावीला आजही लॉगटेबल चालतं, कॅल्क्युलेटर नाही. त्यामुळे ग्राफिंग कॅल्क्युलेटर मी या पोरांच्या बरोबरीनेच शिकले, आणि त्यांच्याचसारखी खोड लावून घेतली: मेनू उघडला की खालचा बाण दाबत सुटायचं. टक, टक, टक. हवी ती ओळ आली की घाईत एक टक जास्त, मग परत वर.

पुढचं सगळं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८४ प्लस या ग्राफिंग कॅल्क्युलेटरसाठी आणि त्याच्या रंगीत पडद्याच्या सीई भावंडासाठी आहे.

मेनूतल्या प्रत्येक ओळीआधी आकडा असतो ना, तो शोभेला नाही. तो आकडा दाबला की ती ओळ निवडली जाते, एंटरसुद्धा लागत नाही. झूम दाबून ६, की आलेख उणे १० ते १० मध्ये बसला. ९ नंतर ० येतो आणि ० नंतर ए, बी, सी. तिथे मुलं अडतात. बायनॉमियल सीडीएफचंच बघा, म्हणजे ठरावीक प्रयत्नांत अमुक इतकी किंवा त्याहून कमी यशं मिळण्याची संभाव्यता. सेकंड आणि व्हार्स दाबून डिस्ट्रिब्यूशनचा मेनू उघडला की ती ओळ बारावी. बाणाने जायचं तर अकरा वेळा खाली आणि एक एंटर. पण तिच्यापुढे बी लिहिलेला असतो, म्हणून अल्फा दाबायचं आणि मग ज्या बटणावर हिरवा बी आहे ते, म्हणजे अ‍ॅप्स. बारा दाबांचं काम दोनात. मोडमध्ये स्टॅट विझार्ड चालू असेल तर पुढे ट्रायल्स, पी, एक्स असं एकेक विचारलंही जातं, कंसातला क्रम पाठ करायला नको.

ओळ यादीच्या तळाशी असेल तर पहिल्या ओळीवरून वरचा बाण दाबा, थेट शेवटची ओळ येते. आडव्या शीर्षकांचंही तसंच. एनसीआर, म्हणजे एन वस्तूंतून आर निवडायचे प्रकार, हवं असलं की मुलं मॅथ उघडून तीनदा उजवीकडे जातात. डावीकडून जा: जुन्या यंत्रात एकदा, सीईवर दोनदा. मग ३.

काय कुठल्या मेनूत दडलंय हे आठवतच नसेल तर कॅटलॉग, म्हणजे सेकंड आणि ०. तिथे अल्फा आधीच लागलेला असतो, नुसतं अक्षर दाबा. लांबलचक यादीत अल्फा दाबून खालचा बाण दाबला की पानागणिक उडी बसते. आणि सीईवर एखाद्या ओळीवर थांबून अधिकचं चिन्ह दाबलंत तर त्या आज्ञेच्या कंसात काय काय भरायचं ते दिसतं. माझ्या मते या यंत्रातली सगळ्यात दुर्लक्षित सोय हीच.

खरा वेळ जातो तो आलेखावर. दोन वक्रांचा छेदनबिंदू काढायला सेकंड, ट्रेस, ५. पहिला वक्र, दुसरा वक्र, दोनदा एंटर. मग यंत्र अंदाज विचारतं, आणि पोरं कर्सर गोगलगायीसारखा सरकवत बसतात. कशाला? बिंदू ३ च्या आसपास दिसतोय ना, मग ३ टाइप करून एंटर. मूळ शोधताना डावी-उजवी सीमाही अशीच आकड्याने द्या. उणे आकडा असेल तर कंसातलं उणे वापरा, वजाबाकीचं नव्हे. दर वर्षी कुणीतरी यावर आपटतंच.

हौस असेल तर स्वतःचा मेनूही करता येतो. प्रोग्रॅम लिहिताना प्रोग्रॅम बटणाच्या सीटीएल यादीत मेनू ही आज्ञा आहे: शीर्षक, मग प्रत्येक पर्यायाचं नाव आणि त्याचं लेबल, म्हणजे प्रोग्रॅममधली जिथे जायचं ती खूण. कर्सर पहिल्याच ओळीवर उभा राहतो, म्हणून रोजचं काम पहिलं ठेवा आणि 'बाहेर पडा' शेवटी. फॉर किंवा व्हाइल या लूपच्या, म्हणजे तेच काम परत परत करणाऱ्या आज्ञांच्या, आतून गोटूने (लेबलवर थेट नेणाऱ्या आज्ञेने) बाहेर उडी मारू नका. शेवटची एंड ही आज्ञा न गाठलेला प्रत्येक लूप मेमरीत साचत जातो आणि शेवटी मेमरी एररवर गाडी थांबते. माझ्या एका विद्यार्थ्याने असाच मेनू केला होता, दिसायला झकास, पण वीस-पंचवीस फेऱ्या झाल्या की सुस्तावायचा. तसंही यंत्र प्रेस-टू-टेस्ट या परीक्षेसाठीच्या मोडमध्ये गेलं की प्रोग्रॅम बंद होतात, तेव्हा परीक्षेसाठी त्याच्यावर विसंबू नका.

नवीन मूल आलं की पहिला आठवडा मी त्याच्या खालच्या बाणावर चिकटपट्टीचा तुकडा लावते. चिडतात. एकीने तर आईकडे तक्रार केली. तीच आता धाकट्या भावाच्या कॅल्क्युलेटरला पट्टी लावून मोकळी झाली आहे.