मारात सिंह-तरसांची ओढाताण बघायची असेल तर

केनियातल्या मसाई मारा या राखीव रानात पहिल्यांदा निघालेल्या प्रत्येकाला शिकार ‘होताना’ बघायची असते. मी त्यांना सांगते, तो नाद सोडा. धाव काही सेकंदांत आटोपते आणि ती दिसणं निव्वळ नशीब. त्यानंतर मेलेल्या जनावरावरून जी ओढाताण सुरू होते ती तासन्‌तास चालते, आणि तिला नशिबापेक्षा बूड टेकून बसायची तयारी जास्त लागते. मी नागपूरची, ताडोबात एकदा वाघ दिसला की आमची सफारी वसूल होते. मारात सिंह, ठिपकेवाले तरस, बिबटे, चित्ते, कोल्हे, गिधाडं अशी सगळी मंडळी एकाच ताटावर टपून असतात.

विल्डबीस्टचे, म्हणजे तिथल्या मोठ्या शिंगवाल्या हरणांचे, कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात असतात, तेव्हा मेलेलं जनावर सापडायला वेळ लागत नाही. फेब्रुवारीत जायचं असेल तर टांझानियात न्डुटूला जा. तिथं तेव्हा पिलांचा हंगाम असतो आणि चित्ते खूप. टांझानियातलंच गोरोंगोरोचं विवर जेमतेम २६० चौरस किलोमीटरचं, त्यामुळे सिंह आणि तरस रोज एकमेकांच्या वाटेत येतात. हान्स क्रूक या संशोधकाने १९६०च्या दशकात तिथं रात्री जागून काढल्या आणि लोकांची समजूत उलटी निघाली. तरस रात्री शिकार करायचे, सिंह येऊन ती हिसकावायचे, आणि सकाळी पर्यटक बघायचे तेव्हा सिंह खात असायचे नि तरस भोवती ताटकळत. साहजिकच चोर कोण, तर तरस! तेव्हा समोरचं दृश्य बघून लगेच निकाल देऊ नका. कोणाचं तोंड रक्ताने माखलंय, कोणाचं पोट तटतटलंय, ते आधी बघा.

राहायचं कुठे, यात मी पैसे वाचवत नाही. मुख्य राखीव क्षेत्राला लागून मसाई लोकांच्या जमिनींवर कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे वेगळी राखीव रानं, आहेत: मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोतोरोगी. तिथं गाड्या मोजक्या, रस्ता सोडून गवतात जायची मुभा, आणि रात्रीची फेरीही मिळते. खरी मारामारी अंधारातच होते. हवं तर एक मुक्काम कमी करा, पण इथं राहा.

पहिल्याच संध्याकाळी गाइडला स्पष्ट सांगा: आम्हाला यादी पुरी करायची नाही, कुठे मेलेलं जनावर दिसलं की तिथंच थांबायचं. हे सांगितलं नाही, तर रेडिओवर ‘चुई’ ऐकू आलं की तो बिचारा तुमच्यासाठी म्हणून बिबट्याकडे गाडी पिटाळतो. गाडीत शक्यतो आपलीच माणसं घ्या. अनोळखी सहप्रवाशाला तिसऱ्या तासाला जिराफ आठवतो.

पहाटे निघालात की जरा पुढे जाऊन इंजिन बंद करायला लावा आणि ऐका. तरसाची ‘वूऽऽप’ अशी चढती हाक म्हणजे तो गोतावळ्याला आवाज देतोय. खिदळल्यासारखा आवाज आला तर खाण्यावरून झटापट चाललीय, आणि हे सिंहांनाही कळतं. तेही त्याच दिशेने निघतात. गिधाडं ऊन तापल्यावर वर चढतात. ती पाय खाली सोडून एका जागी उतरताना दिसली तर तिकडे चला. झाडांवर नुसती बसून राहिली असतील, तर खाली अजून कोणीतरी मालक आहे, म्हणजे आणखी बरं.

जागा सापडली की वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबा, नाहीतर दुपारी वास सोसवत नाही. मग मोजदाद करा. नुसत्या सिंहिणी असतील आणि एकीमागे चारेक तरस जमले, तर पारडं तरसांकडे झुकू शकतं. आयाळवाला नर आला की सगळं गणित फिस्कटतं.

एका सकाळी दोन सिंहिणी विल्डबीस्टवर बसल्या होत्या. तीसेक पावलांवर एक तरस जांभया देत लोळत होता, जणू त्याला काही घेणंदेणंच नाही. मग तो उठला, मान खाली घालून हाका द्यायला लागला, आणि ओढ्याच्या काठाने एकेक डोकं वर यायला लागलं. आधी सगळ्यांच्या शेपट्या खाली होत्या. घोळका जमला तशा त्या पाठीवर ताठ उभ्या राहिल्या, मानेवरचे केस फुलले, आणि ते खांद्याला खांदा लावून एकेक पाऊल पुढे सरकायला लागले. थोरल्या सिंहिणीने चावणं थांबवलं, कान मागे पाडले, एक पंजा बरगड्यांवर तसाच ठेवला. दोनदा ती अंगावर धावून गेली, दोन्ही वेळा घोळका फुटून परत जुळला. शेवटी तिने एक तंगडी ओढून नेली आणि बाकीचं सोडलं. पुढचा अर्धा तास हाडं फुटण्याचा आवाज आम्हाला गाडीत बसून ऐकू येत होता. शेपटी बघत राहा, हे मी यावरूनच सांगते. हल्ला कधी होणार ते तिथं आधी कळतं.

चित्त्याच्या बाबतीत मात्र लांब राहा. धावल्यावर त्याला बराच वेळ धापा टाकत बसावं लागतं, आणि एकटा तरस आला तरी तो भांडत नाही, उठून निघून जातो. पाय दुखावला तर उद्याची शिकार संपली, हे त्याला परवडत नाही. गाड्यांचं कोंडाळं झालं की त्याला येणारा शत्रू दिसत नाही. एका प्राण्याजवळ पाचच गाड्या हा मारातला नियम आहे. सोबत पिल्लं असतील तर मी गाइडला सरळ मागे घ्यायला सांगते, फोटो गेला उडत.

रानकुत्र्यांची आणि तरसांची जुगलबंदी हवी असेल तर मारावर भिस्त ठेवू नका; बोत्स्वानातला ओकावांगो गाठा.

सामानाचं थोडक्यात. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या आणि दाखला जपा, परत येताना आपल्याच विमानतळावर विचारतात. केनियात २०१७पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, तेव्हा चिवडा-चकल्या डब्यात भरा. कॅमेरा टेकवायची पिशवी (बीनबॅग) रिकामी न्या आणि तिथं तांदूळ भरा. जुलैतल्या पहाटेला स्वेटर हवाच.

आणि सकाळचा चहा अर्धाच कप प्या. शिकारीजवळ खाली उतरता येत नाही, आणि ऐन रंगात आलेलं भांडण सोडून मोकळ्या माळावर गाडी न्यायला लावली की बाकीचे दिवसभर बोलत नाहीत.