टेपवर रोज एकच बॅकअप का उरत होता?

खानापुरात पावसाळ्यात लाइट कधी जाईल नेम नाही. म्हणून पतसंस्थेच्या सर्व्हरवरच्या फायली रोज रात्री टेपवर घ्यायच्या ठरल्या. टेप लिहिणारा ड्राइव्ह एलटीओ-५ जातीचा, एका टेपवर कॉम्प्रेशन न करता 1.5 टीबी मावतात, आमचा डेटा त्यापुढे चिमूटभर. चार ओळींची स्क्रिप्ट, आत टार (फायली एकत्र बांधून टेपवर लिहिणारा प्रोग्रॅम), आणि क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीला, रात्री अकराची वेळ. झालं!

आठवड्यानं क्लार्कमामांनी सोमवारची एक फाईल मागितली. टेप बघतो तर फक्त कालचाच बॅकअप. बाकीच्या रात्री गेल्या कुठं?

घोळ एका अक्षराचा होता. लिनक्समध्ये त्याच टेपला दोन नावं असतात: एसटी-शून्य आणि एनएसटी-शून्य. पहिल्यावर लिहून झालं की टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते, मग दुसऱ्या रात्रीचा टार आदल्या रात्रीच्या उरावर बसतो. एनएसटीवर लिहिलं की टेप तिथंच थांबते. मी ते नाव घातलं आणि टारच्या आधी एमटी या टेप पुढं-मागं नेणाऱ्या प्रोग्रॅमची ‘ईओडी’ आज्ञा टाकली; ती टेप शेवटच्या लिखाणापुढं नेते. ही गरजेचीच, कारण कोणी टेप काढून परत घातली की ती पहिल्यापासून सुरू होते.

आता तिसऱ्या रात्रीचं हवं असेल तर रिवाइंड, मग ‘एफएसएफ २’ (म्हणजे दोन बॅकअप ओलांडून पुढं), मग टार. दोन, तीन नव्हे. इथं मी एकदा फसलो.

शनिवारी टेप लावून टारनं यादी काढून बघतो. मामांची सोमवारची फाईल मात्र त्यांना परत टाइप करावी लागली, अन् चहा माझ्या खिशातून गेला.