आरोग्याच्या नियमांवर गावातून हरकत कशी नोंदवावी

सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत येतो. त्यामुळे आपल्या गावापर्यंत दवाखाना आणि रुग्णवाहिका कोणत्या अटींवर पोहोचावी, हे बऱ्याच अंशी मंत्रालयात लिहिल्या जाणाऱ्या नियमांवर ठरते. विधिमंडळ अधिनियम करते, पण तो मोघम असतो आणि खरा तपशील नियमांत उतरतो. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ चा आहे आणि त्याखालचे नियम १९७३ चे आहेत. मात्र खासगी रुग्णालयाने दरपत्रक व रुग्ण हक्क संहिता दर्शनी भागात लावावी हे बंधन २०२१ मध्ये, नियमांतल्या दुरुस्तीने आले. अशा नियमांचा मसुदा जेव्हा लोकांपुढे येतो, तेव्हा वणी, धारणी किंवा अहेरी तालुक्यातल्या माणसालाही त्यावर लेखी म्हणणे मांडता येते. ते कसे मांडावे, हे येथे सांगितले आहे.

हाती आलेला कागद कोणत्या जातीचा आहे, हे आधी ओळखावे. शासन निर्णय हा प्रशासनाचा आदेश असतो आणि त्यावर एरवी हरकती मागवल्या जात नाहीत. १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि ती करारावर चालते. तिच्या उशिराबद्दलची तक्रार जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे द्यावी, नियमाच्या मसुद्यावर लिहू नये. ज्या अधिनियमात ‘पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीस अधीन राहून’ नियम करावेत असे म्हटलेले असते, त्याखालचा मसुदा आधी राजपत्रात छापावा लागतो, तो विचारात घेण्याची तारीख जाहीर करावी लागते आणि तोपर्यंत आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्याव्या लागतात. ही रीत महाराष्ट्र सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १९०४ मध्ये घालून दिलेली आहे. अधिसूचनेच्या सुरुवातीच्या परिच्छेदात ही तारीख आणि सूचना पाठवण्याचा पत्ता दिलेला असतो. बाकी पाने नंतर वाचली तरी चालतील, पण हा परिच्छेद त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवावा.

राज्याच्या अधिनियमांखालचे नियम राजपत्राच्या भाग चार-ब मध्ये छापले जातात आणि राजपत्र ऑनलाइन पाहता येते. गावात नेटवर्क नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी आपले सरकार सेवा केंद्रातून प्रत छापून घ्यावी. मुदत पुष्कळदा तीस दिवसांची असते, पण हे दिवस बहुधा राजपत्रातील प्रसिद्धीपासून मोजले जातात, आपल्या हाती कागद आला त्या दिवसापासून नव्हे. आम्ही एकदा सूचना शेवटच्या आठवड्यात साध्या टपालाने पाठवली. ती वेळेत पोहोचली की नाही, हे आम्हाला आजतागायत कळलेले नाही. चूक आमचीच होती. तेव्हापासून स्पीड पोस्टाची पावती जपणे आणि तीच प्रत ई-मेलनेही पाठवणे, ही दोन्ही कामे आम्ही करतो.

मसुदा वाचताना पेन्सिल घेऊन बसावे आणि ‘शक्यतो’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘उपलब्धतेनुसार’ हे शब्द जेथे येतील तेथे खूण करावी, कारण ज्या वाक्यात यांपैकी एक शब्द आहे, त्या वाक्याने कोणीच बांधला जात नाही. त्यानंतर प्रत्येक तरतुदीला तीन प्रश्न विचारावेत: हे कोणी करायचे, केव्हापर्यंत करायचे, आणि केले नाही तर काय होईल. आमच्या भागासाठी चौथा प्रश्न अंतराचा आहे. मसुद्यात अंतर किलोमीटरमध्ये दिलेले असेल तर ते नकाशावर ठीक दिसते. परंतु पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडकडे जाणारा रस्ता बंद पडतो, आणि त्या दिवशी दोन किलोमीटर व वीस किलोमीटर यांत फरक उरत नाही. लोकसंख्येच्या निकषाचेही तसेच आहे. उपकेंद्रासाठी सपाट भागात ५,००० आणि आदिवासी व डोंगरी भागात ३,००० लोकसंख्या धरली जाते, पण मेळघाटात तेवढे लोक किती गावांत आणि किती डोंगरांआड विखुरलेले आहेत, हे त्या आकड्यात येत नाही.

सूचना कशी लिहावी, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, मसुद्याच्या नियम ७ मध्ये असे म्हटले आहे: ‘दुर्गम भागात रुग्णवाहिका शक्यतो ३० किलोमीटरच्या आत उपलब्ध असावी.’ यावर ‘आमच्या भागावर अन्याय होतो, तरी योग्य तो विचार व्हावा’ असे लिहिले, तर कार्यासनातल्या, म्हणजे मंत्रालयाच्या संबंधित शाखेतल्या, माणसाला त्या कागदाचे काय करावे हे कळत नाही. आलेल्या सूचनांचे नियमवार टिपण बनवणे सोपे जावे, म्हणून नियमाचा क्रमांक, सध्याचा मजकूर, सुचवलेला मजकूर आणि कारण अशा चार रकान्यांतच लिहावे. सुचवलेल्या मजकुराच्या रकान्यात असे लिहिता येईल: ‘“शक्यतो” हा शब्द वगळावा. १ जून ते ३० सप्टेंबर या काळात ज्या गावांचा रस्ता पुरामुळे तुटतो, त्यांची यादी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने दरवर्षी १५ मेपूर्वी प्रसिद्ध करावी. अशा गावांसाठी नाल्याच्या दोन्ही बाजूंना रुग्णवाहनाची सोय ठेवावी, आणि प्रसूतीची तारीख या काळात येणाऱ्या गरोदर मातांना, त्यांची संमती असल्यास, आधीच माहेरघरात आणण्याची जबाबदारी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची राहील.’ (माहेरघर म्हणजे गरोदर मातेने प्रसूतीपर्यंत आरोग्य केंद्राजवळ राहण्याची सोय.) यात काम करणारा कोण, तारीख कोणती आणि काम कोणते, हे तिन्ही आले. ही भाषा कोरडी वाटेल, पण नियमांची भाषाच अशी असते आणि आपले वाक्य जसेच्या तसे उचलता आले, तरच ते उचलले जाण्याची आशा धरता येते.

कारणाच्या रकान्यात भावना कमी आणि नोंदी जास्त असाव्यात. गेल्या पावसाळ्यात रपट्यावरून (ठेंगण्या पुलावरून) पाणी किती दिवस गेले, टोल्यावरून (पाड्यावरून) रुग्णाला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत किती वेळा आणावे लागले, फोन लावण्यासाठी रेंज कोणत्या टेकडीवर मिळते, १०८ ला फोन केल्याची वेळ आणि गाडी आल्याची वेळ: हे आशाताईंना, पोलीस पाटलांना आणि गाडीसोबत गेलेल्या नातेवाइकांना विचारले तर दोन दिवसांत जमते. रुग्णाचे नाव, आजार किंवा आधार क्रमांक मात्र सूचनेत कधीही लिहू नये. ‘महिला, वय २४, प्रसूती’ एवढे पुरते. कायद्याचा आधार द्यायचा असेल तर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल पुरेसे आहेत: परमानंद कटारा (१९८९), ज्यात जखमीचा जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य मानले गेले, आणि पश्चिम बंग खेत मजदूर समिती (१९९६), ज्यात सरकारी दवाखान्याने वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरला.

सूचना एकट्या माणसालाही पाठवता येते, पण ग्रामसभेच्या ठरावासह गेलेल्या कागदाचे वजन वेगळे असते, आणि गडचिरोलीसारख्या पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या भागात) तर ग्रामसभेचा ठराव हाच स्वाभाविक मार्ग आहे. नियमित ग्रामसभेपर्यंत मुदत टिकणार नसेल तर विशेष सभेची मागणी करावी, दवंडी द्यावी, आणि ठरावात वरचा चार रकान्यांचा तक्ता पूर्ण उतरवावा. नुसते ‘सर्वानुमते मंजूर’ लिहून उपयोग नाही. मसुद्यातील शब्द गोंडी किंवा कोरकूत समजावून सांगणारे कोणी सभेत असावे. माझ्या अनुभवात सर्वांत नेमकी दुरुस्ती अशा वेळी मागे बसलेल्या बायांकडून येते, कारण बाजेमागे त्याच चाललेल्या असतात.

कागद प्रत्यक्ष नेऊन देणार असाल तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नये. मुदत संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी माहिती अधिकारात अर्ज करावा: ‘अमुक अधिसूचनेवर आलेल्या हरकती व सूचनांचे नियमवार टिपण आणि त्यावरील निर्णयाची प्रत द्यावी.’ महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

अंतिम नियम प्रसिद्ध झाले की ते मसुद्याशेजारी ठेवून ओळीने ताडून पाहावेत. आपला मजकूर घेतलेला नसेल, तरी एक दार उघडे राहते: बहुतेक अधिनियमांप्रमाणे असे नियम विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागतात, आणि दोन्ही सभागृहे सहमत झाली तर त्यांत बदल करू शकतात. हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, त्यामुळे आमदारांना भेटण्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. मात्र अधिवेशनाच्या गर्दीत भेट मिळेल या भरवशावर न राहता, दिवाळीनंतर लगेच त्यांच्या मतदारसंघातल्या कार्यालयात ठरावाची प्रत, शिक्का असलेली पोच आणि माहिती अधिकारातून मिळालेले टिपण असे तिन्ही कागद एकत्र टाचून द्यावेत.