कार्बोरेटर खोलायच्या आधी आटे मोजा, बाकी सगळं नंतर

जुन्या बाईकच्या कार्बला (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरला) हात घालायचा असेल तर आधी कागद-पेन जवळ घ्या, स्क्रूड्रायव्हर नंतर. मागच्या वेळी मी मिक्स्चरचा स्क्रू (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) आटे, म्हणजे स्क्रूचे फेरे, न मोजता सरळ काढला, आणि मग गाडी ना स्लोला (रेस न देता) थांबेना ना रेस घेईना, मूळ सेटिंग काय होतं ते कळायला काही मार्गच उरला नाही. म्हणून पहिलं काम: स्क्रू अगदी हलक्या हाताने आत फिरवत न्यायचा, कितीव्या आट्याला टेकला ते मोजायचं, पाव आटासुद्धा धरायचा, आणि लिहायचं. लक्षात राहील वगैरे काही नाही, लिहायचं. टेकला की थांबा, आवळू नका, स्क्रूचं टोक बारीक असतं आणि कार्बची बॉडी मऊ धातूची, जोर लावलात तर बसायची जागाच खराब होते आणि मग तो कार्ब कधीच नीट ट्यून होत नाही.

पेट्रोल कॉक (टाकीचा नळ) बंद, इंजिन थंड, मोकळी हवा, जवळपास विडीकाडी नको. पेट्रोलला चालेल असं भांडं, चिंधी, बाऊलचं (कार्बच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीचं) गॅस्केट नवीन. स्क्रूड्रायव्हर मात्र नीट बघून घ्या. जपानी कार्बचे स्क्रू दिसायला साधे फुलीचे असतात पण ते जेआयएस (जपानी मानक) मापाचे, त्यात नेहमीचा फिलिप्स घातला की तो उचकतो आणि डोकं झिजतं, मग बाऊलचा स्क्रू काढायला अर्धा दिवस.

आता कार्ब कुठला आहे ते ओळखा. गाडीच्या मॉडेलवरून अंदाज बांधू नका, इतक्या वर्षांत कोणीतरी बदललेला असू शकतो, बॉडीवर कोरलेला नंबर पुसून वाचा आणि फोटो काढा. मिकुनी कंपनीच्या कार्बवर व्हीएम 22 असं असेल तर तो स्लाइडचा (वर-खाली सरकणाऱ्या दट्ट्याचा) आणि 22 म्हणजे साधारण भोकाचं माप मिलिमीटरमध्ये, बीएस असेल तर व्हॅक्यूमचा. नंबर गेला असेल तर केबल बघा: वरच्या टोपणातून आत सरळ स्लाइडला जाते तो स्लाइडचा, बाजूला बटरफ्लायला (फिरणाऱ्या झडपेला) लागते आणि वर मोठं टोपण असतं तो व्हॅक्यूमचा, त्यात रबराचा पातळ डायफ्राम (पडदा) असतो, त्यावर कार्ब क्लीनर मारू नका, रबर फुगतं.

मिक्स्चरचा स्क्रू कुठे आहे हे तर नक्की बघाच. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घेतला की मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त), बाहेर काढला की लीन (पेट्रोल कमी). इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, सगळं उलटं. काही गाड्यांत तो पितळी टोपीखाली लपलेला असतो. पूर्ण काढताना खाली हात धरा, त्याच्यामागून स्प्रिंग, बारकं वॉशर आणि त्याहून बारकी ओ-रिंग निघते, ओ-रिंग बहुतेक वेळा आत भोकातच चिकटून राहते आणि माणूस ती हरवली म्हणून जमीन शोधत बसतो. आटे लिहिले ना? नसतील लिहिले तर इथेच थांबा.

आणि मुळात कार्बचाच दोष आहे का? एअर फिल्टर, प्लग, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आधी बघा. कार्ब आणि इंजिनमधलं रबर चिरलेलं असेल तर तिथून हवा ओढली जाते, मग कितीही ट्यून करा, स्लो खालीवर होतच राहणार. हे रबर वाकवून बघा, वरून धड दिसतं आणि वाकवलं की चीर उघडते.

जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी) साफ करायला हवेचं प्रेशर वापरा, तार घालू नका, भोक मोठं होतं. स्लाइडमधल्या सुईची क्लिप कितव्या खाचेत आहे तो नंबर लिहा, तेही आट्यांच्याच कागदावर. क्लिप एक खाच खाली म्हणजे सुई वर, म्हणजे रिच.

बसवताना स्क्रू हलका टेकवून लिहिलेले आटे बघून तेवढेच मागे. ट्यूनिंग गरम इंजिनवरच, दहा-पंधरा मिनिटं चालवून, चोक अजिबात लावलेला नको, थंड इंजिनवर केलेलं सेटिंग फुकट जातं. स्लो थोडा वाढवा, मिक्स्चर पाव-पाव आटा फिरवा, दर वेळी जरा थांबा, रेस सगळ्यात जास्त होते तिथे ठेवा, मग स्लो कमी करा. एअर स्क्रू जवळजवळ पूर्ण आत गेल्यावरच बरी चालत असेल तर पायलट जेट (स्लोचं पेट्रोल देणारा) चोंदलाय, परत खोला.

दोन कार्ब असतील तर सिंक (दोन्ही एकसारखे चालावेत म्हणून जुळवणं) वेगळं. फिरवून आल्यावर प्लग बघा: काळा कोरडा काजळ म्हणजे रिच, पांढरा म्हणजे लीन, टू-स्ट्रोक असेल तर पांढऱ्यावर अजिबात पळवू नका, पिस्टन जाम होतो. शेवटी गाडी स्लोला ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, रेस वाढली तर केबल ताणलेली आहे, थोडी ढील द्या.