डेटाबेसच्या भाराखाली सर्व्हर पडतोय? आधी या चुका टाळा

"सर्व्हर पडला होता, रीस्टार्ट केला, आता चालू आहे." असा निरोप आला की मला धस्स होतं. सर्व्हर का पडला हे ज्यातून कळलं असतं, ते सगळं त्या रीस्टार्टबरोबर पुसलं गेलेलं असतं. फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडणारी व्यवस्था) अडकून पडणारे लिनक्स सर्व्हर ओळखणं तितकं कठीण नाही. पण दहा मिनिटं थांबून बघायची तयारी हवी, आणि नव्या मंडळींमध्ये नेमकी तीच दिसत नाही.

लॉग त्याच डिस्कवर ठेवणं

ही चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता कुठल्याही सर्व्हरवर गेलो की पहिला प्रश्न हाच विचारतो. फाइलसिस्टिम लटकली की तिची तक्रारही तिच्यावरच लिहायची असते, आणि ती लिहिली जातच नाही. सकाळी लोक लॉग उघडतात, रात्री दोननंतर एक ओळ नसते, आणि "लॉगमध्ये काही नाही" म्हणून मोकळे होतात. अहो, लॉग मध्येच तुटलाय हाच तर पहिला पुरावा आहे!

एका ठिकाणी पोस्टग्रेस डेटाबेसचा सर्व्हर आठवड्यातून एकदोनदा रात्री आपोआप रीबूट व्हायचा. २५६ जीबी रॅम, ईएक्सटी४ फाइलसिस्टिम, फिरत्या डिस्कचं रेड (अनेक डिस्क जोडलेला संच). मी पोचेपर्यंत रॅम बदलून झाली होती, पॉवर सप्लाय बदलून झाला होता, डेटाबेसची आवृत्तीही वाढवली होती. मी पहिल्या दिवशी काहीही दुरुस्त केलं नाही. फक्त नेटकन्सोल लावला. तो कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश डिस्कला न शिवता यूडीपीवरून सरळ दुसऱ्या मशिनकडे पाठवतो. तिसऱ्या रात्री उत्तर मिळालं: जेबीडी२ (ईएक्सटी४चं जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, लिहिणारा) आणि पोस्टग्रेसच्या प्रोसेस १२० सेकंदांहून जास्त काळ अडकलेल्या, स्टॅकमध्ये (प्रोसेस कुठे थांबली ते दाखवणाऱ्या यादीत) एफसिंक, म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर उतरवण्याची मागणी, आणि लगेच खाली कर्नल पॅनिक (कर्नलनं स्वतःच काम थांबवणं).

रोज रात्री डेटाबेसचा डम्प (पूर्ण प्रत) त्याच फाइलसिस्टिमवर उतरत होता. डर्टी रेशो (न लिहिलेला डेटा रॅममध्ये किती साचू द्यायचा ती मर्यादा) मूळचाच, म्हणजे २० टक्के. उपलब्ध मेमरी २०० जीबीच्या आसपास धरली तर जवळपास ४० जीबी न लिहिलेला डेटा रॅममध्ये साचू शकतो. डिस्क सेकंदाला २०० एमबी लिहीत असेल तर तो उतरायलाच २०० सेकंद लागतात. ज्या रात्री मोठे अपडेट्स याच वेळी चालायचे, त्या रात्री डेटाबेसचे एफसिंक जर्नलच्या कमिटमागे रांगेत उभे राहायचे आणि १२० सेकंदांची मुदत उलटून जायची. त्यात कुणीतरी हंग टास्क पॅनिक १ करून ठेवलेलं (प्रोसेस मुदतीपेक्षा जास्त अडकली की कर्नलनं पॅनिक करायचं). म्हणजे कर्नलनं सांगितलेलं कामच केलं होतं, आणि रॅम बिचारी विनाकारण बदलली गेली.

"मग ते पॅनिक ० करून टाकू," असं तिथल्या एकानं लगेच सुचवलं. मला हा मार्ग अजिबात मान्य नाही. धोक्याची घंटा काढली म्हणून डिस्क वेगानं लिहायला लागत नाही. मी टक्केवारी सोडून थेट बाइट्समध्ये मर्यादा घालतो: बॅकग्राउंडला (मागच्या मागे लिहायला सुरुवात) २५६ एमबी, कमाल १ जीबी. डम्प वेगळ्या डिस्कवर हलवला. पॅनिक तसंच ठेवलं आणि सोबत केडम्प (पॅनिकच्या वेळची मेमरी जपून ठेवणारा) लावला.

डेटाबेस स्वतःहून बंद पडला म्हणून त्यालाच दोष देणं

२०१८ साली पोस्टग्रेसच्या लोकांच्या लक्षात आलं की लिनक्सवर एफसिंक एकदा अयशस्वी झाला आणि पुन्हा मागितला, तर दुसऱ्यांदा "यशस्वी" असं उत्तर मिळू शकतं, डेटा डिस्कवर पोचलेला नसतानाही. कर्नल एकदा चूक कळवतो आणि ते पान स्वच्छ धरून पुढे जातो. म्हणून २०१९च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस अशा वेळी मुद्दाम पॅनिक करतो आणि वॉलमधून (बदलांच्या आधीच लिहून ठेवलेल्या नोंदीतून) सावरतो. हे थांबवायला डेटा सिंक रिट्राय नावाची सेटिंग आहे. ती चालू करून "क्रॅश सोडवला" म्हणणाऱ्यांनी क्रॅश नव्हे, डेटा सोडलेला असतो. मी अशा वेळी डेटाबेसला हातच लावत नाही, आधी कर्नलच्या लॉगमध्ये आयओ एरर (डिस्कवर वाचण्या-लिहिण्यातली चूक) शोधतो.

बाकीच्या चुका

लोड (चालू आणि खोळंबलेल्या प्रोसेसची सरासरी संख्या) ३०० आणि सीपीयू रिकामा दिसला तर "मॉनिटरिंग चुकतंय" म्हणू नका. डी स्टेटमधल्या (आयओची वाट बघत अडकलेल्या) प्रोसेस मोजा. त्यांच्यावर किल माइनस नाइन (जबरदस्तीनं बंद करायची आज्ञा) मारत बसण्यात अर्थ नाही, आयओ सुटेपर्यंत त्या सहसा जात नाहीत.

रीबूट करण्याआधी सिस्टिम प्रतिसाद देत असेल तर सिसआरक्यूला (कर्नलला थेट आज्ञा द्यायची सोय) डब्ल्यू द्या. अडकलेल्या सगळ्या प्रोसेसचे स्टॅक मिळतात. रीबूटची कितीही घाई असली तरी हे एवढं मी कधीच सोडत नाही.

माउंट असलेल्या फाइलसिस्टिमवर एफएसचेकची दुरुस्ती चालवू नका. कधीच नाही.

एक्सएफएस फाइलसिस्टिम दुरुस्त करणारा एक्सएफएस रिपेअर तिच्या लॉगबद्दल (म्हणजे जर्नलबद्दल) तक्रार करून थांबला की लोक सरळ मोठा एल लावतात. त्यानं लॉग शून्य होतो आणि त्यातले मेटाडेटाचे बदल कायमचे जातात. आधी एकदा माउंट करून लॉग रिप्ले होऊ द्या. माउंट होतच नसेल तर डिस्कची पूर्ण प्रत काढा, आणि मगच एल.

वेगासाठी बॅरिअर (डिस्कवर लिहिण्याचा क्रम राखणारी सोय) बंद करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, बॅकअप कधी रिस्टोअर करून पाहिला एवढंच विचारतो.

बीटीआरएफएस फाइलसिस्टिमवर डेटाबेस ठेवायचा असेल तर सीओडब्ल्यू (कॉपी-ऑन-राइट, प्रत्येक बदल नव्या जागी लिहिणं) बंद करणारा सी ॲट्रिब्यूट रिकाम्या डिरेक्टरीवरच लावा, भरलेल्या फाइलवर नंतर लावून उपयोग नाही. आणि त्याबरोबर चेकसमही (डेटा बिघडला का ते ओळखणारे आकडे) जातात, हे लावण्याआधी टीममधल्या सगळ्यांना सांगा.